मालकीचे बिऱ्हाड

घर विकत घेणारा मनुष्य नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न वरवर पाहता फार सोपा वाटतो. चार भिंती, वर छप्पर, खाली जमीन आणि दैव अनुकूल असेल तर मागे थोडेसे अंगण, असे त्याचे उत्तर कोणीही देईल. परंतु अमेरिकेतील बोस्टन शहराच्या साउथ एंड या जुन्या वस्तीत एखाद्याने ‘मोकळ्या जागेसह ड्युप्लेक्स काँडो’ विकत घेतला, तर या चारही गोष्टींपैकी एकही पूर्णपणे त्याची होत नाही. भिंतीचा आतला गिलावा त्याचा, पण बाहेरच्या विटा सर्वांच्या. छप्पर सर्वांचे, जमीन सर्वांची. अंगण वापरावयास त्याचे, मालकीला पुन्हा सर्वांचे. अशा घरासाठी दहा लाख डॉलरांहून अधिक किंमत मोजली जाणे हे तेथे नवलाचे राहिलेले नाही, आणि ती मोजणारा स्वतःला घरमालक म्हणवितो तेही खोटे नाही. ही मालकी कोणत्या जातीची, ती कशी निर्माण झाली आणि तिच्या पोटात कोणते धोके दडलेले आहेत, हे समजून घेण्यासाठी आधी त्या वस्तीची जमीन पाहिली पाहिजे. कारण तेथे जमीनसुद्धा निसर्गाने दिलेली नाही.

मूळचे बोस्टन हे जवळजवळ बेटच होते. शॉमट नावाच्या भूशिराला मुख्य भूमीशी जोडणारी एक चिंचोळी पट्टी होती आणि तिच्या दोन्ही अंगांना भरतीच्या पाण्याने भरणाऱ्या खाजणी. आज त्या पट्टीवरून वॉशिंग्टन स्ट्रीट हा रस्ता जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शहराने या खाजणीत भराव घालून नवी भूमी निर्माण केली आणि साधारणपणे १८५० ते १८७५ या काळात तिच्यावर विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. एका घराची भिंत शेजारच्या घराशी जोडलेली, रुंदी वीस-पंचवीस फूट, उंची चार-पाच मजले. दर्शनी भिंत धनुष्यासारखी पुढे फुगलेली, दाराशी उंच दगडी पायऱ्या, त्यांना ओतीव लोखंडाचे कठडे, आणि माथ्यावर मॅन्सार्ड नावाचे, खालच्या भागात जवळजवळ उभे उतरणारे छप्पर. युनियन पार्क, वूस्टर स्क्वेअर अशा ठिकाणी या रांगांच्या मधोमध लंबगोल बाग राखलेली आहे. व्हिक्टोरियन काळातील रांगेतल्या घरांची एवढी मोठी आणि एवढी अभंग वस्ती अमेरिकेत अन्यत्र क्वचितच सापडेल.

ही घरे एकेका संपन्न कुटुंबासाठी बांधलेली होती, पण त्यांचे वैभव फार काळ टिकले नाही. जवळच बॅक बे येथे त्याहून मोठा भराव पडू लागला, श्रीमंतांची दृष्टी तिकडे वळली, आणि १८७३ च्या आर्थिक पेचप्रसंगाने उरलेसुरले बळ मोडले. विल्यम डीन हॉवेल्स यांच्या ‘द राइज ऑफ सायलस लॅफम’ या १८८५ सालच्या कादंबरीतील नवश्रीमंत कुटुंब साउथ एंडमध्ये राहून बॅक बेमधल्या नव्या घराची स्वप्ने पाहते, यातच पुष्कळ काही आले. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे या घरांत खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय चालला. दिवाणखान्यात एक बिऱ्हाड, शयनगृहात दुसरे, माळ्यावर तिसरे. एकट्या राहणाऱ्या कारकून स्त्रिया, रेल्वेवरचे निग्रो कामगार, सिरिया-लेबाननातून आलेली कुटुंबे, पुढे पोर्टो रिकोचे लोक, अशी पुष्कळ मंडळी येथे राहून गेली. कवी खलील जिब्रान लहानपणी याच वस्तीत येऊन राहिला. मार्टिन ल्यूथर किंग बोस्टन विद्यापीठात शिकत असताना मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवरील ३९७ क्रमांकाच्या घरात राहत असत. पुण्यातल्या किंवा बडोद्यातल्या जुन्या वाड्याच्या चौकाभोवती जशी बिऱ्हाडे दाटली, तसेच येथेही झाले. फरक एवढाच की वाडा आडवा पसरलेला असतो आणि ही घरे उभी चढलेली असतात.

या उभ्या चढण्यातच ड्युप्लेक्सचे मूळ आहे. ‘ड्युप्लेक्स’ शब्द अमेरिकेत अनेक ठिकाणी दोन कुटुंबांच्या घराला लावतात. बोस्टनच्या या वस्तीत मात्र त्याचा अर्थ आतल्या जिन्याने जोडलेल्या दोन मजल्यांचे एक बिऱ्हाड, असा होतो. पाच मजल्यांच्या घराचे असे तुकडे करताना दोनच जागा फार मोलाच्या ठरतात. एक तळाची. रस्त्यापासून अर्धवट खाली असलेला ‘गार्डन’ मजला आणि पायऱ्या चढून जाण्याचा, उंच छताचा, नक्षीदार गिलाव्याचा मूळचा दिवाणखाना, असे दोन मजले मिळून तळचा ड्युप्लेक्स होतो. त्याला मागच्या दाराने अंगण मिळते. दुसरी जागा माथ्याची. तेथील बिऱ्हाडातून जिना थेट छपरावर जातो आणि छपरावर लाकडी फळ्यांचा ओटा, म्हणजे डेक, बांधलेला असतो. मधल्या मजल्याच्या वाट्याला बहुधा खिडकीबाहेरचे आकाशच येते. घरांची इतकी दाटी असलेल्या वस्तीत चार खुर्च्या मांडता येतील एवढी मोकळी जागा मिळाली, तर तिची किंमत आतल्या खोलीहून कमी नसते.

आता कायद्याकडे वळावे. एका जमिनीवरच्या एका इमारतीतील मजला वेगळा काढून त्याचे स्वतंत्र खरेदीखत करावयाचे, स्वतंत्र गहाण ठेवावयाचे, स्वतंत्र कर भरावयाचा, ही कल्पना अमेरिकेच्या मुख्य भूमीवर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ नव्हती. पोर्टो रिको या कॅरिबियन बेटाने १९५८ साली तसा परिपूर्ण कायदा केला. १९६१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने अशा घरांवरील कर्जांना सरकारी विम्याचे संरक्षण देऊ केले आणि मग एकामागून एक राज्यांनी कायदे केले. मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा १९६३ चा. ‘काँडोमिनियम’ हा लॅटिन वळणाचा शब्द; त्याचा सरळ अर्थ सह-स्वामित्व. लोकांनी तो तोडून ‘काँडो’ केला.

मराठी वाचकाला सहकारी गृहनिर्माण संस्था चांगली परिचित आहे. मुंबईच्या गावदेवी भागातील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली स्थापन झाली, तेव्हापासून ही पद्धत महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली. तिच्यात जमीन आणि इमारत यांची मालक संस्था असते. सभासदाच्या हाती भाग आणि राहण्याचा हक्क असतो. काँडोमध्ये गाडी उलट दिशेने जाते. संस्थेच्या नावावर इमारत नसते. प्रत्येक बिऱ्हाडाचा धनी आपल्या बिऱ्हाडाचा पूर्ण मालक असतो आणि शिवाय जमीन, पाया, बाहेरच्या भिंती, जिना, छप्पर या सर्व सामाईक गोष्टींत त्याचा ठराविक टक्क्यांचा अविभक्त हिस्सा असतो. अविभक्त म्हणजे वाटून न घेता येणारा. आपला हिस्सा म्हणून कोणी जिन्याच्या चार पायऱ्या वेगळ्या काढू शकत नाही. महाराष्ट्राचा १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा याच तत्त्वावर रचलेला आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईतील काही इमारतींत ‘सोसायटी’ नसून ‘अपार्टमेंट’ असते. पुष्कळ रहिवाशांना हा फरक भांडण झाल्यावरच कळतो, ही गोष्ट निराळी.

टक्के कोणाचे किती, हे इमारतीच्या मूळ दस्तात, म्हणजे मास्टर डीडमध्ये, लिहिलेले असते. समजा, एका घरात तीन बिऱ्हाडे आहेत : तळच्या ड्युप्लेक्सचा हिस्सा ४५ टक्के, मधल्या मजल्याचा २०, माथ्याच्या ड्युप्लेक्सचा ३५. छप्पर गळू लागले आणि दुरुस्तीला तीस हजार डॉलर पडले, तर त्यांपैकी साडेतेरा हजार तळच्या मालकाला द्यावे लागतील. त्याच्या डोक्यावर पावसाचा एक थेंबही पडलेला नसतो. त्या छपरावर पाऊल ठेवण्याचाही त्याला अधिकार नसतो. उलट पाया खचला, तर माथ्यावर राहणारा आपल्या वाट्याचे ३५ टक्के देतो. हे न्याय्य आहे की नाही याविषयी दुमत होऊ शकेल, पण याहून सुटसुटीत व्यवस्था अजून कोणाला सुचलेली नाही.

अंगणाची आणि डेकची गोष्ट याहून नाजूक. विक्रीच्या जाहिरातीत ‘खासगी अंगण’ असे शब्द असतात. दस्तात मात्र बहुधा ‘अनन्य वापराचा हक्क’ एवढेच आढळते. जमीन सामाईक, तिच्यावर बसण्या-उठण्याचा हक्क एकाचा. छपरावरच्या डेकचेही तसेच. छपराचे आवरण बदलण्याची वेळ आली म्हणजे आधी डेक उचलावा लागतो, आणि तो उचलून परत बसविण्याचा खर्च डेकवाल्याने एकट्याने करावयाचा की सर्वांनी, हे मूळ दस्तात स्पष्ट नसेल तर शेजाऱ्यांचे बोलणे वकिलामार्फत सुरू होते. अंगणातला जुना वृक्ष कोणाचा, त्याची मुळे सांडपाण्याच्या नळात शिरली तर खोदाई कोणी करावयाची, असे प्रश्नही याच जातीचे आहेत. म्हणून जाणता खरेदीदार नक्षीदार छत पाहण्याआधी दस्त वाचतो.

त्यात आणखी एक धनी असतो, तो म्हणजे शहर. साउथ एंडची नोंद १९७३ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत झाली, पण त्या नोंदीने खासगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. ते बांधले १९८३ साली, जेव्हा बोस्टन शहराने ही वस्ती संरक्षित म्हणून जाहीर केली आणि तिच्यासाठी एक आयोग नेमला. तेव्हापासून रस्त्यावरून दिसणारा बाह्य भाग बदलावयाचा तर आयोगाची अनुमती लागते. खिडकीच्या तावदानांची विभागणी, दगडी पायऱ्यांची डागडुजी, लोखंडी कठडे, छपरावरच्या पाट्या, सर्व काही त्यात येते. छपरावर डेक बांधावयाचा तर रस्त्यावरच्या माणसाला तो फारसा दिसू नये, असा आग्रह असतो. घराच्या आत मात्र आयोगाचे राज्य नाही. त्यामुळे बाहेरून दीडशे वर्षांपूर्वीचे आणि आतून कालपरवाचे, असे रूप या घरांना आले आहे.

काँडोचा कायदा झाला तेव्हा ही घरे बिऱ्हाडकरूंनी भरलेली होती. ती रिकामी कशी झाली, हे सांगितल्यावाचून या विषयाचे वर्णन अपुरे राहील. १९५० नंतरच्या दशकात शहराने पुनर्रचनेच्या नावाखाली न्यूयॉर्क स्ट्रीट्स नावाचा या वस्तीचा एक भाग पार भुईसपाट केला. १९६५ च्या योजनेत आणखी पाडापाडी होती. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेल किंग या नेत्याच्या पुढाकाराने लोकांनी, घरे पाडून मोटारी उभ्या करण्यासाठी मोकळ्या केलेल्या जागेत तंबू ठोकले. वीस वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच जागी ‘टेंट सिटी’ या नावाने २६९ घरांची वसाहत उभी राहिली. जवळच पोर्टो रिकोच्या रहिवाशांनीही आपल्या भूखंडावरून न हलण्याचा निर्धार केला आणि व्हिला व्हिक्टोरिया ही वसाहत मिळविली. मजल्याच्या मालकीचा कायदा ज्यांच्या बेटावरून आला, त्याच बेटावरच्या लोकांना बोस्टनमध्ये भाड्याच्या छपरासाठी रस्त्यावर यावे लागले, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

पाडापाडी थांबली तरी दुसरा रेटा आलाच. जुनी घरे विकत घेऊन, दुरुस्त करून, मजल्यामजल्याने विकण्याचा धंदा १९८० च्या सुमारास जोरात सुरू झाला. खोलीचे भाडे देणाऱ्याला मजला विकत घेणे कोठून परवडणार ? १९८३ साली राज्याने कायदा करून अशा रूपांतरापूर्वी भाडेकरूला एक वर्षाची आणि वृद्ध, अपंग किंवा अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूला दोन वर्षांची पूर्वसूचना देणे बंधनकारक केले. १९९४ मध्ये राज्यभरच्या जनमताने भाडेनियंत्रण मात्र रद्द झाले. आज जे ड्युप्लेक्स दिसतात, त्यांपैकी कित्येकांत पूर्वी पाच-सहा खोल्यांत पाच-सहा माणसे स्वतंत्र राहत होती. घरांची डागडुजी या मालकीमुळेच झाली, त्या विटा आणि ते कठडे या पैशांमुळेच वाचले, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबाच्या वहीत लिहाव्या लागतात.

आता सर्वांत खालचा, आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचा भाग. भरावाच्या भुसभुशीत जमिनीवर पाच मजल्यांचे विटांचे घर उभे राहावे कसे ? त्या काळच्या बांधकाम्यांनी व्हेनिसकरांचा मार्ग पत्करला. भरावाखालच्या घट्ट थरापर्यंत लाकडी खांब ठोकावयाचे, त्यांच्या डोक्यांवर ग्रॅनाइटच्या शिळा बसवावयाच्या आणि शिळांवर भिंत चढवावयाची. बॅक बेमधील ट्रिनिटी चर्च १८७७ साली पूर्ण झाले, ते सुमारे साडेचार हजार खांबांवर उभे आहे. साउथ एंडमधील पुष्कळ घरेही अशाच खांबांवर उभी आहेत. लाकूड पाण्याने कुजते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते कुजविणाऱ्या बुरशीला हवा लागते. सतत पाण्याखाली बुडालेले लाकूड शतकानुशतके टिकते. भूमिगत पाण्याची पातळी खांबांच्या डोक्यावर राहिली तर पाया अभंग. ती खाली गेली, की खांबांची डोकी उघडी पडतात, हवा मिळते आणि कुजणे सुरू होते. काही वर्षांत दाराची चौकट वाकडी होते, मग विटांत तडा जातो.

पाणी खाली जाण्याची कारणे अगदी घरगुती आहेत. सांडपाण्याचे जुने नळ फुटले, की भूमिगत पाणी त्यांत झिरपून वाहून जाते. भुयारी रेल्वेच्या बोगद्यात पाणी गळते आणि पंपाने उपसले जाते. कोणी गार्डन मजला आणखी खोल करून तेथे खोली काढतो आणि ओल येऊ नये म्हणून अहोरात्र पंप चालवितो. वर रस्ते, फरश्या, छपरे यांनी जमीन झाकलेली, त्यामुळे पाऊस मुरण्याऐवजी गटारात जातो. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या भव्य इमारतीला तडे गेल्याचे १९२९ मध्ये लक्षात आले आणि शहर प्रथम दचकले. १९८४ मध्ये बीकन हिलच्या पायथ्याच्या घरांतील खांब कुजलेले आढळले. १९८६ साली भूमिगत पाण्यावर देखरेख ठेवण्यासाठी एक विश्वस्त संस्था स्थापन झाली. आज ती आठशेहून अधिक निरीक्षण-विहिरींतील पातळी मोजते. या विहिरी म्हणजे पदपथावर लोखंडी झाकण असलेल्या बारीक नळ्या. त्यांवरून चालणाऱ्याला त्या ओळखूही येत नाहीत.

खांब कुजले तर उपाय आहे, पण तो स्वस्त नाही. पायाखाली थोडे थोडे खणून खांबांची कुजलेली डोकी कापून टाकावयाची आणि त्या जागी पोलाद व काँक्रीट भरावयाचे, असे ते हाताने करावयाचे काम असते. एका घराला काही लाख डॉलर लागू शकतात आणि सामान्य घरविम्यातून ते मिळत नाहीत. येथे टक्केवारीचा अर्थ खरोखर अंगावर येतो. माथ्यावर डेकसह राहणाऱ्याने कधी तळघर पाहिलेलेही नसते. त्याला अचानक लाखाचे देणे होते. कायद्याने संघाला पुरेसा राखीव निधी ठेवण्यास सांगितले आहे खरे. पण तीन बिऱ्हाडांच्या संघात त्या निधीची रक्कम एका छपरालाही पुरेशी नसते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. शिवाय भिंत सामाईक असल्यामुळे एका घराचा पाया दुरुस्त झाला आणि शेजारच्याचा तसाच राहिला, तर तडा मधल्या भिंतीत जातो. तो शेजारी या काँडोच्या संघात नसतो. त्याला कोणताही ठराव लागू होत नाही.

संघातही ठराव सहज होत नाही. सामाईक भागात सुधारणा करावयाची तर मॅसॅच्युसेट्सचा कायदा म्हणतो : निम्मे किंवा अधिक, पण पाऊणशे टक्क्यांहून कमी मालक राजी असतील, तर राजी असलेल्यांनीच खर्च करावा, पाऊणशे टक्के राजी झाले, तर तो सर्वांवर बसविता येतो. दुरुस्तीला ही अट नाही. साहजिकच एखादे काम दुरुस्ती आहे की सुधारणा, यावरच वाद रंगतो. आणि दोन ड्युप्लेक्सच्या घरात हिस्से निम्मे-निम्मे असले, म्हणजे एकाच्या नकाराने सारे काही अडून बसते. सामाईक विहिरीचा गाळ कोणी काढावा यावरून भावाभावांत झालेले तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

अंगणाचा प्रश्न येथे पुन्हा येतो, तो वेगळ्या रूपाने. तळच्या बिऱ्हाडाचा धनी हौसेने मागच्या अंगणात विटांची घट्ट फरसबंदी करतो, मातीचा चिखल नको म्हणून. त्या अंगणावर पडणारा पाऊस मग गटाराला जातो आणि पाच मजल्यांच्या खांबांचे तेवढे पाणी तुटते. हे ओळखून बोस्टनने २००६ साली भूमिगत पाण्याच्या रक्षणासाठी बांधकामनियमांत स्वतंत्र तरतूद केली. संरक्षित क्षेत्रात नवे किंवा मोठे बांधकाम करणाऱ्याने निदान एक इंच पावसाएवढे पाणी आपल्याच भूखंडात मुरविण्याची व्यवस्था करावी लागते. त्यासाठी अंगणाखाली खड्डा घेऊन त्यात सच्छिद्र नळ किंवा टाक्या पुरतात, वर पुन्हा फरशी बसते आणि तिच्यावर खुर्च्या मांडल्या जातात. लहानसहान फरसबंदी मात्र पुष्कळदा या नियमाच्या बाहेरच राहून जाते. निरीक्षण-विहिरींची मोजमापे सर्वांना पाहावयास खुली आहेत. घर पाहावयास गेलेल्या खरेदीदाराला गल्लीतल्या सर्वांत जवळच्या विहिरीत गेल्या काही वर्षांत पाणी किती खाली गेले, हे एका आकड्यावरून कळू शकते. खांबांची डोकी किती उंचीवर आहेत हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी तळघरात चाचणीचा खड्डा खणावा लागतो, आणि तो खणण्यास इतर मालकांची संमती लागते.